दिवाळीचा किल्ला पावसात कशानं टिकतो?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे. सोसायटीच्या आवारात, पार्किंगच्या कडेला, उघड्यावर मुलं दरवर्षी किल्ला करतात. गेल्या वर्षी पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि तीन फूट उंच राजगड केला होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तासभर पाऊस झाला आणि सुवेळा माची चिखल होऊन लिफ्टच्या दारापर्यंत पोचली. यंदा थर्माकोल वापरावा, पीओपी घ्यावं, की सरळ सिमेंटचाच करावा? आणि मातीवर मारायला एखादं वॉटरप्रूफिंगचं रसायन मिळतं का?

रसायनाचं आधी सांगतो, म्हणजे तेवढे पैसे वाचतील. मिळतं, पण किल्ल्यावर चालत नाही. आपण किल्ला करतो दिवाळीच्या चार दिवस आधी, आणि तेव्हा माती आतून ओली असते. ओल्या मातीवर कुठलाही लेप मारला की आतली ओल बाहेर यायला बघते, लेप फुगतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. मग पाऊस त्या पापुद्र्याच्या मागून शिरतो आणि लेपासकट अख्खा थर खाली आणतो. मी साताऱ्याचा, अठ्ठावीस वर्षं बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होतो. त्यातली निम्मी गळती शोधण्यात गेली असतील. तिथं शिकलो ते किल्ल्यालाही लागू पडतं: भिंत पाण्यानं पडत नाही, साचलेल्या पाण्यानं पडते. त्यामुळे सामान निवडताना ‘हे भिजेल का’ एवढंच बघू नका. भिजल्यावर पाणी कुठून बाहेर जाणार, ते आधी बघा.

दुसरा मुद्दा आयुष्याचा. गोव्यात नरकासुराला फक्त एक रात्र काढायची असते. गवत, कागद आणि रद्दी यांचा तो देह पहाटे जाळायचाच असतो, म्हणून त्याला कागद पुरतो. आपला किल्ला वसुबारसेला उभा राहतो, भाऊबीजेपर्यंत मिरवतो, आणि मुलांनी हट्ट केला तर तुळशीच्या लग्नापर्यंत राहतो. म्हणजे आठवडाभर ते वीस दिवस. त्यानंतर तो मोडायचा, माती कुंड्यांत टाकायची आणि पुढच्या वर्षी दुसरा गड करायचा. वीस दिवस टिकेल आणि एकविसाव्या दिवशी कुदळीच्या चार घावांत सुटेल, असं सामान हवं. सगळा किल्ला सिमेंटचा करायचा विचार इथंच बाद होतो. त्यात अजून एक अडचण आहे. मातीच्या डोंगरावर सिमेंटचा पातळ गिलावा केला की खालची माती वाळताना आक्रसते, वरचं सिमेंट तेवढं आक्रसत नाही, आणि दोघांत पोकळी पडून गिलाव्याला चिरा जातात. शिवाय ओल्या सिमेंटनं हात भाजतात. मुलांनी हात न घालता करायचा किल्ला कोणासाठी करायचा?

थर्माकोलचा प्रश्न कायद्यानंच सोडवलाय. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आपल्या राज्यात तर २०१८ पासूनच निर्बंध आले. बंदी नसती तरी मी नको म्हटलं असतं. थर्माकोल भिजत नाही हे खरं, पण त्याला वजन नाही. वाऱ्यानं उडतो, पाण्यावर तरंगतो, माती धरत नाही, आणि ऑइलपेंट लावायला गेलात तर त्यातल्या थिनरनं विरघळून भोकं पडतात.

पीओपी म्हणजे भाजलेला जिप्सम. पाणी घातलं की तो पुन्हा जिप्सम होतो आणि घट्ट बसतो, पण घट्ट झाला म्हणजे पाण्याला दाद देणार नाही असं नव्हे. जिप्सम पाण्यात विरघळतो, लिटरला दोन-अडीच ग्रॅम. ते फार नाही. खरी अडचण अशी की ओला झालेला पीओपी मऊ पडतो. नखानं खरवडता येतो. घरातल्या, ओसरीवरच्या किल्ल्याला चालेल. उघड्यावर बुरुजाचे कोपरे पहिल्याच सरीत बोथट होतात. मूर्तिकारांची शाडूही तशीच. हाताळायला लोण्यासारखी आणि नक्षीला उत्तम, पण कच्ची शाडू पाण्यात विरघळते म्हणून तर आपण गणपतीला ती घेतो. जी गोष्ट बादलीत विरघळावी म्हणून निवडतो, तिच्याकडून पावसात उभं राहण्याची अपेक्षा धरू नये.

राहिली माती. हो, उघड्यावरच्या किल्ल्याला मातीच, पण तिच्या आत, खाली आणि वर काय घालता त्यावर सगळं आहे.

खालून सुरुवात करू. तुमचा किल्ला पेव्हर ब्लॉकवर किंवा कोब्यावर असणार. पावसाचं पाणी फरशीवरून वाहत येतं आणि डोंगराचा पायथा पोखरतं. वरून पडणाऱ्या पाण्याइतकंच हे वाहतं पाणी वाईट. पहिल्या दिवशी एक बादली पाणी ओतून फरशीचा उतार कुठं आहे ते मुलांनाच बघायला सांगा. किल्ला चेंबरच्या जाळीकडे जाणाऱ्या वाटेवर नको, आणि गच्चीच्या पन्हाळाखाली तर अजिबात नको. मग विटा आडव्या मांडायच्या, दोन विटांत बोटभर फट सोडून, फटींची तोंडं उताराच्या दिशेनं. त्यावर दोन इंच खडी किंवा विटांचा रोडा. आत शिरलेलं पाणी या थरातून निघून जातं. साइटवर पडून असलेली शटरिंगची काळी प्लाय मिळाली तर विटांवर ती टाकायला हरकत नाही, ती पाणी पीत नाही. साधी प्लाय किंवा कपाटाच्या पाठीचं हार्डबोर्ड फुगतं आणि मधूनच वर उचललं जातं.

आवारात घाण नको म्हणून किल्ल्याखाली ताडपत्री अंथरायचा मोह होईल. मीही तेच केलं होतं, १९९८ साली. वाड्याच्या मालकीणबाईंनी फरशी लाल होईल म्हणून दम भरला होता. रात्री पाऊस झाला, पाणी ताडपत्रीवर साचलं, माती आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये निसरडा थर झाला आणि सकाळी पाहतो तर अख्खी खालची माची जागेवरून वीतभर सरकलेली. भेग नाही, तडा नाही, जशी केली तशीच, फक्त एक वीत पुढे. फरशी मात्र लाल झाली नव्हती.

आता गाभा. इथं थोडं गणित करू, कारण बहुतेकांच्या डोक्यात हे येतच नाही. पाच बाय चारचा, तीन फूट उंच डोंगर म्हणजे ढोबळ मानानं पंधरा ते वीस घनफूट. घनफूटभर दमट माती पंचेचाळीस-पन्नास किलो भरते. म्हणजे नुसत्या मातीचा केलात तर पाऊण टनाचा डोंगर होतो, आणि भिजला की आणखी जड. एवढी ओली माती स्वतःच्याच वजनानं बसते. तुमची माची तशीच गेली असावी. म्हणून आत जागा भरणारं पण पाणी न पिणारं सामान हवं: दगड, विटा, फुटक्या कुंड्या उपड्या घालून, कौलांचे तुकडे. पुठ्ठ्याची खोकी आणि वर्तमानपत्रांचे बोळे घालणारे पुष्कळ आहेत. ते कोरड्या दिवाळीत निभावतात, पण भिजले की आतून बसतात आणि वर खड्डा पडतो. गच्चीवर किंवा बाल्कनीत करणाऱ्यांनी दगडांच्याही वाटेला जाऊ नये. तिथं भाजीवाल्याचे प्लॅस्टिकचे क्रेट किंवा बांबूच्या जुन्या पाट्या उपड्या घाला.

गाभा नुसता ढीग करून नको, रचायचा. मोठा दगड खाली, लहान वर, प्रत्येक दगड आतल्या बाजूला किंचित कललेला. राजगड निवडलात म्हणून मुद्दाम सांगतो. सुवेळा आणि संजीवनी या माच्या म्हणजे लांब, अरुंद सोंडा. मातीत सोंड काढली की तिला दोन्हीकडून उतार, म्हणजे दोन्हीकडून धूप. तेव्हा प्रत्येक माचीच्या पोटात शेंड्यापर्यंत विटांची सलग रांग हवी. माती तिच्यावर फक्त कातडीसारखी. बालेकिल्ला सोपा असतो, गोल डोंगर कसाही उभा राहतो.

गाभ्यावर गोणपाट. हे आपल्याकडे आजोबा-पणजोबांपासून चालत आलंय आणि अजून याला तोड नाही. मातीचा ताकासारखा पातळ राबडा करायचा, त्यात तागाचं पोतं बुडवून पाच मिनिटं ठेवायचं, आणि ओलंच दगडांवर पसरायचं. सुरकुत्या पडतात त्या पडू द्या. त्याच पुढे घळी आणि सोंडा होतात, सह्याद्री आपोआप दिसायला लागतो. तागाच्या धाग्याला माती धरते आणि विणीतून पाणी आरपार जातं. खताच्या किंवा सिमेंटच्या पांढऱ्या पोत्यांवर मात्र माती ठरत नाही, तो प्लॅस्टिकचा गुळगुळीत धागा असतो. वरची माती वाळली की पोपडे धरते. डोंबिवलीत तागाचं पोतं मिळवायला किराणा दुकानदाराशी ओळख लागेल. नाहीच मिळालं तर जुनी सुती चादर. उभ्या कड्यांवर कांद्याची जाळीदार पोती गाभ्याला सुतळीनं बांधा आणि त्यावर गिलावा थापा. जाळीच्या भोकांत माती अडकून बसते. कोंबडीजाळीही चालते, पण तिची कापलेली टोकं मुलांच्या हातात घुसतात.

आता खुद्द माती. नर्सरीत ‘पॉटिंग मिक्स’ म्हणून जी पिशवी देतात ती घेऊ नका. त्यात कोकोपीट असतं, ते स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. झाडाला ते उत्तम, किल्ल्याला घातक. नुसती लाल माती मागा. काळी माती तर डोंगराला हात लावायच्या लायकीची नाही. भिजली की फुगते, वाळली की बोटभर भेगा, आणि पुढचा पाऊस त्या भेगांतून थेट आत. आमच्याकडे कृष्णाकाठची काळी जमीन उन्हाळ्यात कशी उकलते ते बघितलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

माती कशी आहे हे ओळखायला काचेची बरणी पुरते. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा तास-दोन तासांत, आणि चिकण माती दुसऱ्या दिवशीपर्यंत तरंगत राहते. तळाचा वाळूचा थर निम्म्याहून जास्त दिसला तर माती चांगली. चिकण जास्त दिसली तर वाळू वाढवायची. नदीची वाळू आता कुठं मिळते. क्रश सँड घ्या, तिचे कण अणकुचीदार असतात, एकमेकांत अडकतात.

माझं प्रमाण: सहा घमेली लाल माती, तीन घमेली क्रश सँड किंवा चाळलेला मुरूम, दीड घमेलं भाताचं तूस नाहीतर बारीक कापलेला पेंढा, आणि मिळालं तर घमेलंभर ताजं शेण. तूस आणि पेंढा वाळताना पडणाऱ्या भेगा अडवतात. शेणातले बारीक तंतू आणि चिकटपणा पृष्ठभाग बांधून ठेवतात, म्हणून पूर्वी भिंती लिंपताना आणि जमीन सारवताना ते लागायचंच. सोसायटीत शेण म्हटलं की नाकं मुरडतील. दोन दिवसांत वास जातो, पण भांडण टिकतं, तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा. सगळं पाण्यात कालवून, पायांनी तुडवून, ओल्या पोत्याखाली निदान दोन दिवस मुरू द्यायचं. मुरलेल्या गाऱ्याचा गोळा छातीच्या उंचीवरून टाकला तर चपटा व्हावा. फुटला तर कोरडा, पसरला तर पातळ.

गिलावा एकदम दोन इंच थापू नका. आधी इंचभर, तो चामड्यासारखा घट्ट झाला की वर ओरखडे काढून दुसरा. पहिल्या थराला भेगा पडणारच, दुसरा त्या बुजवतो. तुमच्या मापाच्या किल्ल्याला दोन्ही थर मिळून बारा ते पंधरा घमेली लागतील, म्हणजे अडीचशे ते तीनशे किलो. पाऊण टन मातीच्या जागी एवढीच माती.

सिमेंटला पूर्ण नकार नाही. जिथं पाण्याचा मार सर्वात जास्त, म्हणजे माचीची धार, पायऱ्या, घळीचा तळ आणि डोंगराचा पायथा, तिथल्या वरच्या थरात थोडं सिमेंट मिसळतो. बारा तांबे माती-वाळूला एक तांब्या सिमेंट. न भाजता केलेल्या मातीच्या विटा याच तत्त्वावर होतात. पुद्दुचेरीजवळच्या ऑरोविलमध्ये दाबून केलेल्या विटांत पाच टक्के सिमेंट घालतात आणि त्यांची घरं उभी आहेत. हे मिश्रण तासाभरात संपेल एवढंच कालवायचं, मोठ्या माणसानं हातमोजे घालून लावायचं, आणि तीन दिवस ओल्या कापडाखाली ठेवायचं. मग ते पावसाला विरघळत नाही, पण हातोडीनं सहज फुटतं. वाळूमिश्रित मातीशी सिमेंटचं जमतं, चिकण मातीशी नाही. चिकण मातीला चुना लागतो, मात्र तो कमवायला आठवडे घेतो, म्हणून दिवाळीच्या घाईत उपयोगाचा नाही. गडांवर चुन्याचे घाणे बघितले असतील, ती दगडी गोल चर आणि तिच्यात फिरणारं चाक. तिथं चुना मळत बसायला वेळ होता. आपल्याकडे सहामाही परीक्षा आणि वसुबारस यांच्यामध्ये चार दिवस असतात.

उतारांची गोष्ट सामानाइतकीच महत्त्वाची. मुलं माची पाटासारखी सपाट करतात आणि कडेनं उंच तट बांधतात. झाला हौद! पाणी जायला जागाच नाही. खऱ्या गडांचे तट नीट बघा, खालच्या अंगाला पाणी काढून द्यायला भोकं ठेवलेली असतात. तशीच आपणही ठेवायची. जुन्या बॉलपेनच्या नळ्या कापून तटाच्या बुडाशी वीत-वीत अंतरावर बसवा आणि माचीला बाहेरच्या बाजूला फुटाला इंचभर उतार द्या. आणि ते तळं! प्रत्येक किल्ल्यावर तळं हवंच असतं, त्यात पाणी हवंच असतं, आणि दर अर्ध्या तासानं ते भरायला कोणीतरी तांब्या घेऊन येतंच. ते पाणी मुरून गाभ्यात उतरतं. मी पाहिलेल्या पडझडीत पावसाचा वाटा निम्मा असेल. बाकीचे किल्ले तांब्यानं पाडलेले. तळ्याच्या जागी स्टीलची वाटी काठापर्यंत पुरा. आत निळा रंग द्या, हवा तर मासा सोडा.

तट आणि बुरूज मातीचे करूच नका. भट्टीत भाजलेली माती पाण्याला भीत नाही, आणि ती फुकट मिळते. फुटक्या कौलांचे तुकडे, विटांचे कपचे, जिथं घर पाडतायत तिथून आणलेले. चार इंची कुंडी उपडी घातली की बुरूज तयार. पणत्या उपड्या घातल्या की घुमट. राहिले तटाचे चिरे. ते मुलांकडून, हातमोजे घालायला लावून, असे करून घ्या: फ्रिजमधला बर्फाचा जुना ट्रे घ्यायचा, आत तेलाचा हात फिरवायचा, एक वाटी सिमेंट आणि तीन वाट्या क्रश सँड घट्टसर कालवून भरायचं. दुसऱ्या दिवशी ठोकळे काढून तीन-चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचे. दसऱ्याला सुरुवात केली तर लक्ष्मीपूजनापर्यंत वीस दिवस मिळतात, तेवढ्यात सिमेंट चांगलं पक्कं होतं. रोज एक ट्रे म्हणजे पंधरा दिवसांत दोनशेच्या आसपास चिरे. हे चिरे मातीच्या गाऱ्यात नुसते बसवायचे. किल्ला मोडताना धुऊन खोक्यात ठेवले की पुढच्या वर्षी तेच. माझ्याकडचे काही चिरे ज्या मुलांनी ओतले ती मुलं आता पुण्यात नोकरी करतात.

रंगाचं थोडक्यात. गेरू नुसत्या पाण्यात कालवून लावला तर पहिल्या पावसात वाहतो. २०१९ ची दिवाळी आठवत असेल, अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ आणि इकडे २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. माझा किल्ला त्या वर्षी उभा राहिला, पण गेरू असा ओघळला की पांढरे तट, तोफा, राजसदर सगळं लालभडक. तेव्हापासून गेरूत बाहेरच्या भिंतीचं थोडं पांढरं इमल्शन पातळ करून घालतो. रंग जरा फिकट होतो, पण धरून राहतो. सुतारकामाचा पांढरा गोंद त्याच कामाला वापरतात, मात्र साधा गोंद पाणी लागलं की पुन्हा मऊ होतो. डिस्टेंपरही घरातलंच. आणि खरं सांगू का, चांगल्या लाल मातीच्या डोंगराला रंगाची गरजच नसते.

त्याला गरज असते हिरव्याची. अळीव पेरा. भिजलेल्या अळिवाभोवती जो बुळबुळीत थर येतो तो बीला उतारावर चिकटवून ठेवतो. मोहरी घरंगळून पायथ्याशी जमा होते आणि मग पायथ्याला जंगल, वर वाळवंट. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतो, आठवड्यात बोटभर होतो, आणि त्याची मुळं वरची माती जाळीसारखी धरून ठेवतात. पावसाचा थेंबही आधी पानावर पडतो, मातीवर नाही. रसायनाच्या डब्याचं काम खरं तर हे वाटीभर बियाणं करतं. गिलावा पुरा झाला की लगेच पेरायचा, सिमेंट मिसळलेला भाग सोडून, कारण तिथं धड उगवत नाही. पाणी फवाऱ्यानंच घालायचं. तांब्या लपवून ठेवा.

मावळे बाजारातून आणताना उलटे करून बुडाकडे बघा. वरून चकचकीत रंग असतो, पण बूड कोरं. कच्च्या मातीचा मावळा पायातून पाणी ओढतो आणि तिसऱ्या दिवशी घोट्यात मोडतो. बुडाला पारदर्शक वार्निशचे दोन हात द्या, आणि प्रत्येकाला कौलाच्या चपट्या तुकड्यावर उभं करा, थेट मातीत नको. सिंहासनावरच्या महाराजांना तर छत्री हवीच, ती पत्र्याची केलीत तर शोभेलही.

दिव्यांच्या माळा लावणार असाल तर अडॅप्टर आणि जोड जमिनीवर टाकू नका, किल्ल्याच्या उंचीच्या वर, छताखाली टांगा. ओल्या मातीत मुलं हात घालत असतात. मी तरी उघड्यावर पणत्याच लावतो.

आणि पाऊस आलाच तर? ताडपत्री किल्ल्यावर अंथरायची नाही, ती गिलाव्याला चिकटते आणि काढताना कातडी सोलून काढते. चार कोपऱ्यांना चार बांबू आधीच रोवून ठेवा. फरशीवर रोवता येत नाहीत, तर वाळूनं भरलेल्या तेलाच्या डब्यांत उभे करा. एका बाजूचे दोन्ही बांबू फूटभर जास्त उंच, म्हणजे ताडपत्रीला उतार मिळेल आणि मध्ये पाण्याचा फुगा होणार नाही. ताडपत्री गुंडाळून उंच बाजूला बांधून ठेवायची. ढग आले की दोन पोरं अर्ध्या मिनिटात सोडतात. फटाके उडवायच्या वेळी मात्र ती गुंडाळलेलीच हवी. एखादी ठिणगी पुरते.

एवढं करूनही कुठं तरी धार सुटेल. त्यासाठी घमेलंभर मुरलेला गारा ओल्या पोत्याखाली शिल्लक ठेवा. दहा मिनिटांत डागडुजी होते, आणि मुलांना ती बांधण्याइतकीच आवडते.

तर यंदा ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे. परतीचा पाऊस तोवर बहुतेक गेलेला असतो, पण गेल्या काही वर्षांत त्याच्यावर विसंबायची सवय मी सोडलीय. दसऱ्याला बर्फाचा ट्रे काढा. सोसायटीच्या सेक्रेटरींना मातीच्या पिशव्या येणार आहेत हे आधीच सांगून ठेवा, आणि सुवेळेच्या पोटात घालायला चाळीसेक विटा लागतील, त्या जिथं कुठं काम चालू असेल तिथल्या वॉचमनला आजच विचारा.